पळणारे आणि धावणारे

पायांच्या एकाच क्रियेसाठी मराठीने दोन धातू जवळ बाळगले आहेत : पळणे आणि धावणे. व्याकरणाच्या तासाला मुले म्हणतात, "सर, दोहोंचा अर्थ एकच." मी म्हणतो, "मग 'चोर धावून गेला' असे म्हणून पाहा बरे!" चोर पळतो; शेजारी धावून येतो. रणातून पळतात, हाकेला धावतात. 'पळपुटा' ही शिवी झाली, आणि संकटात सापडलेला माणूस देवाचा करतो तो मात्र 'धावा'. शरीराचे कष्ट दोन्हीकडे सारखेच; फरक एवढाच की पळणाऱ्याचे लक्ष मागे असते आणि धावणाऱ्याचे पुढे.

हा भेद फळ्यापाशी उभे राहून मी बरीच वर्षे सांगत आलो. पोटऱ्यांना तो कळला तो मात्र सातारच्या डोंगरावर.

सप्टेंबर महिन्यातल्या एका रविवारी साताऱ्यात डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते. 'सातारा हिल हाफ मॅरेथॉन' या नावाने ती २०१२ साली सुरू झाली. त्याच साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि त्याबरोबर शेजारचे कास पठारही. शर्यत अर्थात पठारापर्यंत जात नाही. ती गावातून निघते, यवतेश्वरचा घाट चढते, कासच्या रस्त्यावर थोडी पुढे जाते आणि आल्या वाटेने परत फिरते. एकूण अंतर २१ किलोमीटर ९७ मीटर. त्यातला अर्धा भाग, ढोबळ मानाने, चढ. आणि उरलेला अर्धा उतार. ऐकताना वाटते की चला, निम्मे काम तर फुकटातच झाले! तो भ्रम किती वेळ टिकतो ते पुढे सांगतोच.

आधी त्या ९७ मीटरांविषयी थोडे. पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरांची असते. हा विचित्र आकडा कोणा ऋषीने सांगितलेला नाही. १८९६ साली अथेन्सला ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंतची शर्यत सुमारे ४० किलोमीटरांची होती. ती जिंकली स्पिरिडॉन लुईस नावाच्या एका पाणक्याने. पुढे १९०८ साली लंडनच्या सामन्यांत शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि क्रीडांगणात राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड. १९२१ साली तेच कायमचे ठरले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या एका राजघराण्याच्या बैठकीची व्यवस्था नीट लागावी म्हणून आज सातारच्या एखाद्या हेडक्लार्कच्या पोटरीत शेवटच्या वळणावर गोळा येतो. इतिहासाला विनोदाचे अंग नाही असे कोण म्हणेल?

आपल्याकडचा या शर्यतीशी संबंधही आजकालचा नव्हे. पुण्यात डेक्कन जिमखान्याने भरविलेल्या सामन्यांत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी पायांनी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि ती त्यांच्या मनात भरली. त्यातून १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. वेळ होती २ तास ५० मिनिटे आणि काही सेकंद. आज पायांत दहा-बारा हजारांचे बूट आणि मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ बांधूनही आमच्यापैकी शंभरांतल्या नव्वदांना ती वेळ स्वप्नात दिसत नाही.

साताऱ्याचीच गोष्ट घ्यायची तर माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांची घ्यावी. दुष्काळी मुलखातली ही मुलगी मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे पहिली आली. आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावली. ज्या जिल्ह्यात अशी माणसे निपजतात तिथे धावण्याला कोणी खूळ म्हणत नसेल असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. खूळ म्हणणारी मंडळी सर्वत्र सारखीच वाटलेली आहेत.

मुंबईची शर्यत मी पाहिली आहे. ती थोर आहे यात शंका नाही. २००४ पासून ती भरते, आणि हल्ली तिथे पन्नास हजारांवर माणसे येतात. पण एवढ्या माणसांत आपण कोण आहोत ते आपल्यालाच छातीवरच्या नंबरावरून समजते. साताऱ्याला येणारे काही हजार. गाव टुमदार. आदल्या दिवशी पोवई नाक्यावर जो भेटेल तो दुसऱ्या दिवशी घाटात भेटतोच. रिक्षावाला नंबर विचारतो. पेढेवाला कंदी पेढ्यांचा पुडा बांधता बांधता बजावतो, "आज खाऊ नका हं, उद्या खाली उतरल्यावर खा." गावातली घरे पाहुण्यांनी भरतात. ज्याची मावशी साताऱ्यात नाही त्याला त्या एका रात्रीपुरती कोणाची तरी मावशी मिळते.

माझी तर सख्खी बहीणच तिथे आहे. ताईचे वय सत्तावन्न. तीस वर्षे ती पहाटे साडेचारला उठत आली. आधी सासऱ्यांच्या काढ्यासाठी, मग दाजींच्या डब्यासाठी, मग मुलांच्या शाळेसाठी. गेल्या वर्षी मार्च महिन्यात तिची सून म्हणाली, "आई, नाहीतरी तुम्ही साडेचारला उठताच, चला माझ्याबरोबर चार भिंतींपर्यंत." सातारकरांना चार भिंती ठाऊक आहेत, अजिंक्यताऱ्याच्या अंगाची ती टेकडी, जिथे निम्मे गाव सकाळी फिरायला जाते. ताई गेली. आठ दिवसांनी पुन्हा गेली. महिनाभराने, सुनेला सर्दी झाली होती त्या दिवशी, एकटीच गेली. जूनमध्ये सुनेने दोघींची नावे शर्यतीला नोंदवली, आणि मग घरात खरी शर्यत सुरू झाली.

दाजी मनाचे चांगले गृहस्थ. त्यांनी 'नको' म्हटले नाही. त्यांनी प्रश्न विचारले. "या वयात गुडघा निखळला तर?" "घाटात चक्कर आली तर?" "पितृपक्ष तेव्हाच येतो का, ते पाहिलंस का?" आणि सर्वांत शेवटी, चहाच्या कपात पाहत, "लोक काय म्हणतील?" ताईने पहिल्या दोन प्रश्नांसाठी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासून घेतला, हृदयाचा आलेख काढून आणला. तिसऱ्यासाठी पंचांग पाहिले. चौथ्याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. मला फोनवर म्हणाली, "अरे, तीस वर्षांत मी घरातून कामाशिवाय कधी बाहेर पडले नाही. भाजी, बँक, दवाखाना, लग्न, मयत. आता कुठे गेले म्हणून विचारलं तर सांगायला काही कामच नाही. तेच त्यांना टोचतंय."

हे वाक्य ऐकून मी थोडा वेळ गप्प राहिलो. कारण हा प्रश्न साताऱ्यापुरता नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकला स्त्रियांना आठशे मीटर धावू दिले. शर्यतीनंतर काही जणी दमलेल्या दिसल्या, तेवढ्यावर गहजब झाला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. पुरुष दमला तर पराक्रम आणि बाई दमली तर अपघात! स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडावे लागले. दाजींनी बिचाऱ्यांनी यातले काही वाचलेले नव्हते. पण बाईमाणसाने विनाकारण दमू नये ही समजूत वाचावी लागत नाही, ती भिंतींतूनच झिरपते.

शर्यतीच्या पहाटे भुरभुर पाऊस होता. अजिंक्यतारा ढगांत गेलेला. पोलीस कवायत मैदानावर जमलेल्या गर्दीत बामचा वास, पावसाचा वास आणि केळ्यांचा वास एकमेकांत मिसळले होते. सून तरुण, ती पुढे निघून गेली. मी मात्र ताईच्या चालीने राहायचे ठरवले होते. ताईने पंजाबी ड्रेसवर नंबर लावला होता, चार पिना, अगदी काटकोनात. जशी पूर्वी शाळेच्या गणवेशावर ती माझी पट्टी लावून देई.

गावातली पहिली दोन-तीन किलोमीटर म्हणजे वरातच. दोन्ही अंगांना माणसे. ढोल, लेझीम, शाळांची मुले ओळीने हात पुढे करून उभी. त्या तळहातांवर टाळी देत जायचे. एका गच्चीवर एक आजोबा शाल पांघरून टाळ्या वाजवीत होते, ते थांबले की नात त्यांना पुन्हा सांगे, "आबा, वाजवा, अजून येतायत." समर्थ मंदिर आले, बोगदा जवळ आला, आणि वरातीचा आवाज मागे राहिला. मग घाट.

घाटात माणूस आपला आपण उरतो. बोलणे बंद होते. ऐकू येतात ती पावले, आपला आणि परक्याचा श्वास. रस्त्याकडेला सोनकीची पिवळी आणि तेरड्याची गुलाबी फुले भिजून उभी असतात, त्यांच्याकडे पाहण्याइतके बळ पहिल्या तीन वळणांपर्यंत पुरते. आमच्या मागेपुढे माणसे होती ती अशी : बार्शीकडचे एक किराणा दुकानदार, ज्यांना साखरेचा आजार निघाल्यावर डॉक्टरांनी 'दुकानाबाहेर पडा' म्हणून सांगितले आणि जे बाहेर पडून थेट इथवर आले, पुण्यात संगणकाच्या कंपनीत काम करणारी एक मुलगी, जी म्हणाली की आठवडाभरात एवढी एकच गोष्ट अशी आहे जिचा अहवाल कोणाला पाठवावा लागत नाही, आणि एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, ज्यांचा हा सहावा घाट होता आणि जे प्रत्येक वळण आले की त्याचे स्वभाववर्णन करीत. "हे वळण लबाड आहे, सर. संपल्यासारखं दाखवतं आणि संपत नाही."

त्याच लबाड वळणावर ताई थांबली. कठड्याला हात टेकून उभी राहिली. धुके किंचित फाटले होते आणि खाली सातारा दिसत होता, तिचे सारे आयुष्य ज्या चार रस्त्यांवर गेले ते एका तळहातात मावेल एवढे. "तू जा पुढे," ती म्हणाली. "मी इथूनच परत फिरते. इतकं आले, पुष्कळ झालं." मी काही समजावण्याच्या आत वरून पावलांचा आवाज आला.

लहान गावच्या, जाऊन-येऊन एकाच रस्त्याने होणाऱ्या शर्यतीची सर्वांत मोठी मौज हीच आहे. इथे पहिला आणि शेवटचा यांची गाठ पडते. मोठ्या शहरांत पहिला येणारा तुम्हांला वर्तमानपत्रात दिसतो. इथे तो समोरून येतो. काडीसारखा एक पोरगा वरून पाण्यासारखा उतरत आला. तो पहिला होता, त्याला सेकंदांचा हिशेब होता, त्याने कोणाकडे पाहण्याचे कारण नव्हते. पण आमच्या जवळून जाताना त्याने मान वळवली आणि धापेतच ओरडला, "चला मावशी, थोडंच राह्यलं!" थोडे मुळीच राहिले नव्हते. चांगले पाच किलोमीटर राहिले होते आणि तेही चढाचे. पण त्याच्या मागून आलेल्या दुसऱ्याने 'शाब्बास' म्हटले, तिसऱ्याने अंगठा दाखवला, एका बाईने उतरता उतरता ताईच्या हातावर टाळी दिली. ताईने कठडा सोडला. मला म्हणाली, "एवढी माणसं बोलवतायत. आता परत कसं फिरायचं?"

वारीशी तुलना करण्याचा मोह इथे होतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच जिल्ह्यातून, लोणंद-फलटणवरून जाते. पुढे वेळापूरला वारकरी उतारावरून पंढरीच्या दिशेने धावतात त्याला 'धावा' असेच नाव आहे. वाटेवरच्या गावांनी अनोळखी माणसाला पाणी द्यावे, केळे द्यावे, हा संस्कार तिथलाच. पण तुलना फार ताणू नये. वारकरी आपला वेळ मोजत नाही. आम्ही घड्याळ बघत बघत जातो. त्याला पुढे विठोबा आहे. आम्हांला पुढे एक पदक आणि त्यानंतर मांड्यांचे दुखणे.

मांड्यांवरून आठवले. उतार फुकट असतो ही समजूत वर परतीच्या खुणेपाशी गळून पडते. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीच्या पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, आणि स्नायूंना सर्वांत जास्त त्रास याच कामाचा होतो. म्हणून उतारावर ढेंगा टाकू नयेत. पावले आखूड आणि भराभर ठेवावीत. खरे दुखणे त्या दिवशी नसतेच. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येते. साताऱ्याहून परतलेला प्राध्यापक मंगळवारी जिन्यावरून उलटा उतरताना दिसला तर विद्यार्थ्यांनी हसू नये. आणखी दोन गोष्टी. तहान लागली म्हणून नुसते पाणी पीत सुटू नये. घामाबरोबर मीठ जाते, आणि पोटात फार पाणी झाले की रक्तातले सोडियम आणखी उतरते. तेव्हा वाटेत मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. आणि सराव करताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच वेगाने धावावे. वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला असे समजावे. मराठीच्या अध्यापकाला ही कसोटी विशेष आवडते. चाळिशीपुढच्यांनी मात्र आधी ताईसारखे डॉक्टरांकडे जाऊन यावे. अंगावर काढू नये.

आम्ही खाली उतरलो तेव्हा गर्दी ओसरली होती. ढोलवाले ढोल गुंडाळीत होते. मुले घरी गेली होती. गच्चीवरचे आबा मात्र होते, आणि नातही होती. समर्थ मंदिराच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक गृहस्थ छत्री घेऊन उभे होते. छत्री मिटलेली, आणि ते भिजत होते. दाजी. 'मी काही येणार नाही' असे आदल्या रात्री दोनदा सांगून झोपलेले. ताईला पाहिल्यावर ते काही बोलले नाहीत. ती पुढे निघाली तसे तेही निघाले. आधी चालत, मग चपला फटफटवीत, छत्री सांभाळीत, तिच्या बाजूबाजूने. पाचपन्नास पावले गेल्यावर त्यांना धाप लागली. "थांबा तुम्ही," ताई म्हणाली, "तुम्हांला सवय नाही." दाजी थांबले आणि आसपासच्या लोकांना, कोणी विचारलेले नसताना, सांगू लागले, "आमच्या मंडळी आहेत. घाट चढून आल्यात!"

'लोक काय म्हणतील' या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी मिळाले. लोक टाळ्या वाजवतात. निदान त्या सकाळी, त्या रस्त्यावर, तेवढेच करण्यासाठी ते जमलेले असतात. एरवी हेच लोक नावे ठेवतात, हेही खरे. पण माणसांना वर्षातून एक दिवस रस्त्याच्या कडेला उभे करून परक्याचे कौतुक करायला लावले, तर त्यांच्या तोंडाला ती सवय काही दिवस तरी राहते. त्या आठवड्यात ताईला भाजीबाजारात चार बायकांनी थांबवून विचारले, "बूट कुठले घेतले हो?" त्यांतल्या दोघी आता तिच्याबरोबर चार भिंतींपर्यंत जातात.

तिला तीन तासांहून काही मिनिटे अधिक लागली. पहिल्या आलेल्या पोराच्या दुप्पटीहून जास्त. पण मी विचार करतो, दोघांनी काम तर सारखेच केले. त्याने तो डोंगर लवकर संपवला, आणि तिने तो जास्त वेळ सोसला. चौगुल्यांना एकोणिसावे येऊन शंभर वर्षे लोटली आणि आपण त्यांचे नाव घेतो. एकोणिसाव्याचे नाव घेणारा समाज शेवटच्यालाही पाणी द्यायला उभा राहू शकतो, अशी मला आशा वाटते.

वाचकहो, तुम्ही सर्वांनी बूट घालून घाटात यावे असे माझे म्हणणे नाही. गुडघे ज्याचे त्याला माहीत. पण हल्ली अशा लहान शर्यती गावोगाव भरू लागल्या आहेत. तुमच्याही गावात एखादी असेल. त्या दिवशी सकाळी रस्ता बंद म्हणून कुरकुर करण्याआधी मुलांना घेऊन कोपऱ्यावर जाऊन उभे राहा. पहिले दहा गेले म्हणून परतू नका. त्यांना टाळ्यांची फारशी गरज नसते. त्यांना घाई असते. थांबा, चहा घ्या, पुन्हा उभे राहा. अगदी शेवटी, ढोल गुंडाळल्यावर, रस्त्यावरून कोणी तरी सावकाश येताना दिसेल. ते मागे बघत नसेल. त्याला हाक मारा.